म्हातारी आणि मलम

आमच्या दाजींना बरं नसलं की ते आधी दुसऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करायला लागतात. त्या आठवड्यात त्यांनी माझ्या गुडघ्यांची, माझ्या नवऱ्याच्या खोकल्याची आणि दूधवाल्याच्या सासूची एवढी विचारपूस केली, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. कळलं ते पावाचा ट्रे माझ्याकडे सरकवताना त्यांचा उजवा हात उजेडात आला तेव्हा. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यातली कातडी पांढरीफटक झाली होती, कडेनं सोलली होती, आणि मधोमध लाल चीर पडली होती.

"हे काय?"

"कुठे काय?"

"दाजी, मी आंधळी नाही."

"नाहीस. लवंगी आहेस," म्हणाले, आणि हात एप्रनच्या खिशात गेला.

ताईशी त्यांचं लग्न ठरलं तेव्हापासून ते मला लवंगी म्हणतात. लवंगी मिरची, दिसायला एवढीशी आणि झोंबायला भरपूर. मेहुणीची थट्टा करायचा हक्क त्यांनी आयुष्यभर वसूल केला, आणि मीही कधी उत्तर बाकी ठेवलं नाही. ताई आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून हसायची. आता मध्ये कुणी नव्हतं, त्यामुळे आमची भांडणं जरा लवकर संपत.

ताई गेली ती बेकरीतच. साचे धुऊन पालथे घालत होती, छातीत कळ आली, आणि तिथेच खाली बसली ती बसलीच. त्यानंतर मी काउंटरवर यायला लागले. साचे आणि ट्रे पण मी धुते म्हटलं तर दाजी ऐकेनात. ताईचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पहाटे कणीक, मग भट्टी, मग दुपारभर सिंकमध्ये कोपरापर्यंत हात. ओला हात पुसायचा नाही, तसाच पुढच्या साच्याला घालायचा. बेचक्यात पाणी, पीठ आणि साखर सतत साचलेली. तिथे काही उगवलं नसतं तरच नवल.

आता म्हातारीबद्दल सांगायला हवं.

म्हातारी म्हणजे भट्टीच्या भिंतीजवळच्या फळीवरच्या चिनी मातीच्या बरणीतलं खमीर. पाव फुगवायला लोक डब्यातलं खमीर विकत आणतात, ताईनं कधी आणलं नाही. लग्नानंतर ती दोघं एका भाड्याच्या खोलीत राहत होती, बेकरीचा अजून पत्ता नव्हता, तेव्हा तिनं पीठ आणि पाणी कालवून ठेवून हे जमवलं होतं. रोज त्यातलं थोडं कणकेत घालायचं, आणि जेवढं काढलं तेवढं ताजं पीठ-पाणी परत द्यायचं, म्हणजे ते जिवंत राहतं, बुडबुडे धरतं, बरणीत वर चढतं. इतकी वर्षं ते मेलं नाही म्हणून दाजींनी त्याचं नाव म्हातारी ठेवलं. "म्हातारीला जेवायला घातलं का?" "आज म्हातारी रुसली आहे." नवख्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटावं, ह्यांनी माळ्यावर कुणी सासू ठेवली आहे.

त्यांना मूल नव्हतं. हे सांगून टाकते, कारण तुमच्या मनात येणारच. पण म्हातारी म्हणजे त्यांचं मूल वगैरे अजिबात नव्हतं. असलं कौतुक ताईला खपत नसे. पीठ महाग झालं की ती बरणीला सरळ शिव्या द्यायची.

तिचा एक नियम मात्र होता. म्हातारीला हात लागतो. चमचा नाही, पळी नाही, उघडा हात. "चमच्याला काय कळतंय, ती गार आहे का घट्ट आहे ते?" असं ती म्हणायची, आणि मनगटापर्यंत हात घालून पीठ कालवायची.

ती गेल्यावर दाजींनी तिचे कपडे मला दिले, चष्मा कपाटात ठेवला. बाकी सगळं जिथल्या तिथे थिजलं. फक्त म्हातारी तेवढी रोज सकाळी फुगून वर येत होती. एकदा साचा पुसता पुसता ते मला म्हणाले, "लवंगी, तिनं पहिल्यांदा कालवलं ना, त्यातलं काहीतरी अजून असेल का गं ह्यात?" मी म्हटलं, असणारच. मला काय माहीत? पण त्यांचं तोंड बघून कुणीही हेच म्हटलं असतं. बाकी काही गेलं तरी चालेल, ही बरणी राहिली पाहिजे, असं त्यांचं झालं होतं. खरं सांगायचं तर माझंही.

तर हात. मी त्यांना ओढत कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण होत्या, चटपटीत होत्या, आणि बोलताना समोरच्याकडे बघत होत्या, म्हणजे निम्मा रोग तिथेच बरा. त्यांनी बेचक्यातली कातडी जराशी खरवडली, काचेवर घेतली, आत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून आल्या.

"बुरशी आहे. काम काय करता?"

"पाव भाजतो."

त्या हसल्या. "मग ही तुमच्या खमिराचीच भाऊबंद. लांबची."

"म्हणजे घरचंच माणूस," दाजी म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "लांबची म्हणजे किती लांबची?"

बाईंना ती थट्टा वाटली. मलाही.

मग त्यांनी मलमाची ट्यूब दिली आणि नीट समजावून सांगितलं. हात धुवायचे, बेचकी कोरडी करायची, मग पातळ थर लावायचा, सकाळी आणि रात्री. लावल्यावर लगेच हात धुवायचे नाहीत, नाहीतर औषध वाहून जातं. बरं दिसलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. खाण्याच्या वस्तूला हे हात लावायचे नाहीत. काम टाळता येत नसेल तर आत सुती मोजे आणि वर रबरी. "हे मलम बुरशीला वाढूच देत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नेम पाळा, बाकीचं ते बघेल."

दाजी बेकरीच्या दाराशी म्हणाले, "ताईचा हात रोज बरणीत होता. माझाही असतो. ही तिथूनच आली नसेल कशावरून?"

"रोगाशी सोयरीक जोडू नका," मी म्हटलं. "मलम लावा."

आणि लावलं त्यांनी. माणूस असा की एकदा हो म्हटलं की वाकडी वाट नाही. सकाळी उठले की बल्बखाली स्टुलावर बसून बोटं फाकवायची, फडक्यानं टिपायची, आणि मलम असं लावायचं जसं कुणी पावावर लोणी मोजून लावतं. कणकेला हात लावताना मोजे. भट्टीपाशी मोजे. घामानं आतले मोजे भिजले तर बदलायला दुसरे तयार. गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो, ऑपरेशन करताय का पाव भाजताय?" दाजी म्हणायचे, "दोन्ही." साचे धुण्याचं काम शेवटी माझ्या हातात आलं. एक लढाई मी जिंकले.

मलम लागू पडलं. आधी खाज गेली, मग चीर मिटली, मग कातडीला कातडीचा रंग आला. मी रोज त्यांचा हात धरून बघत असे आणि माझा ऊर भरून येत असे. ताईमागे ह्या माणसाचं निदान एक काहीतरी मी धड केलं, असं वाटायचं.

पण पाव बसायला लागले.

आधी एखादा ट्रे. मग रोज. वरून रंग बरोबर, पण हातात घेतला तर जड, आणि कापला तर आत चिकट. आमच्या शेजारच्या शिंप्याला आयतंच मिळालं. "वहिनी, हा खायचाय का कापड उडू नये म्हणून वर ठेवायचाय?" मी त्याला म्हटलं, आधी तुझ्या पँटी सरळ शिव. पण तो गेल्यावर मीही पाव दाबून बघितला आणि तो दबला नाही.

दाजींनी पिठाला दोष दिला. दुसऱ्या गिरणीचं पीठ आणलं. मग थंडीला दोष दिला आणि बरणीला ताईची शाल गुंडाळली. मग म्हणाले, हिची भूक वाढली असेल, आणि दिवसातून एकदा घालायचे ते दोनदा पीठ घालायला लागले. म्हातारी आंबट मात्र होत होती, झाकण काढलं की नाक चुरचुरायचं, पण वर चढत नव्हती. बुडबुडे थोडे, बारीक, तेही बघता बघता विरून जायचे. मी म्हटलं, "वय झालं असेल तिचं." दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य तिथेच गिळलं. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ते मला न सांगता डब्यातलं खमीर कणकेत घालायला लागले. रिकामे डबे मला कचऱ्याच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सापडले. दारू लपवावी तशी.

एके दिवशी शाळेची मोठी ऑर्डर होती म्हणून मी नेहमीपेक्षा लवकर गेले. दाजी स्टुलावर बसले होते. मलम लावून झालं होतं. हात पुढे धरून ते बोटांवर फुंकर घालत होते. मग उठले, बरणी खाली घेतली, शाल सोडली, पीठ घातलं, पाणी घातलं, आणि तोच हात आत घातला. उघडा.

"मोजे?" मी विचारलं.

"मोजे कणकेला," ते म्हणाले. "ती लोकांच्या पोटात जाते. म्हातारी काय खायची वस्तू आहे? म्हातारीला हात लागतो."

त्यांचा हात बरणीत गोल फिरत होता. ताईचा फिरायचा तसाच, डावीकडून उजवीकडे, तळापासून वर. बोटांच्या मधून पीठ वर येत होतं आणि त्या पिठावर जराशी तुळतुळीत चमक होती. मला त्या डॉक्टरबाईंचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. तुमच्या खमिराचीच भाऊबंद. हे मलम वाढूच देत नाही.

"दाजी, हात काढा!"

मी केवढ्यानं ओरडले कोण जाणे. ते दचकले, बरणी फळीवर आपटली, पण फुटली नाही.

"काढा आधी हात! अहो, मलम आहे त्याला!"

मला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी हात बाहेर काढला आणि बल्बखाली धरला. पीठ ओघळत होतं. बेचकी स्वच्छ होती, नुसती गुलाबी. बराच वेळ ते त्या हाताकडे बघत राहिले. मग अगदी हळू, मुलानं शिक्षकाला सांगावं तसं म्हणाले, "लावल्यावर धुवायचा नाही म्हणाल्या होत्या ना त्या. म्हणून मी धुतला नाही."

ह्याला काय म्हणायचं? माणसानं दोन बायकांचं ऐकलं. एकीनं सांगितलं, हात धुवायचा नाही. दुसरीनं सांगितलं, हात लावायचा. दोघींचं शब्दाला शब्द ऐकलं, आणि दोघींच्या मध्ये म्हातारी मेली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात. इथे पखालीला रोज सकाळी प्रेमानं औषध चोळलं जात होतं, आणि ती मलूल झाली म्हणून दिवसातून दोनदा. माझा राग कुणावर काढायचा तेच मला कळेना. डॉक्टरबाई बरोबर होत्या. ताई बरोबर होती. आणि दाजींवर तर कुणी रागवू शकत नाही, ही त्यांच्याबद्दलची माझी जुनीच तक्रार आहे.

मग आम्ही सगळं करून बघितलं. तळाचं जेमतेम चमचाभर ठेवून बाकीचं ओतून दिलं. बरणी उकळत्या पाण्यानं धुतली. ताजं पीठ, कोमट पाणी, आणि मीच कालवायचं, चमच्यानं. ताईची मनातल्या मनात माफी मागून. दाजी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि बघायचे. "वर आलं का गं?" "थांबा, आत्ता तर घातलंय." थोड्या वेळानं पुन्हा, "आता?" आंबट वास येत राहिला. वर काहीच आलं नाही. पीठ खाली बसायचं आणि वर पिवळं पाणी सुटायचं.

मागेल त्याला ताई म्हातारीतलं थोडं द्यायची. शिंप्याच्या बायकोनं एकदा नेलं होतं, हे मला आठवलं. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. दाजी त्या दारात जसे उभे होते तसं मी त्यांना कधी कुणासमोर उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. "अगं बाई, ते होय?" ती म्हणाली. "वास मारायला लागलं म्हणून केव्हाच टाकलं की. का हो?" दाजी म्हणाले, "काही नाही, सहज." आणि जाता जाता तिच्या आईची तब्येत विचारली.

परत येताना मी म्हटलं, "आपण नवीन लावू. ताईनं लावलं तसंच. पीठ, पाणी. मी लावते."

"येईल की," ते म्हणाले. "पीठ उघडं ठेवलं की येतं. हवेतून येतं. कुणाकडेही येतं." दोन पावलं चालून म्हणाले, "पण ते तिच्या हातचं नसेल ना."

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, अशी एक म्हण आहे. ज्यानं ती केली त्याच्या घरात म्हातारी नसावी. आम्हाला म्हातारी मेल्याचंच दुःख होतं.

बरणी त्यांनी धुवायला दिली नाही. ती फळीवर शालीत तशीच राहिली. पाव डब्यातल्या खमिरावर फुगायला लागले, हलके, गोरे, सगळे एका मापाचे. गिऱ्हाइकं खूष. शिंपी म्हणाला, "आता कसे जमले!" मी त्याला सुटे परत दिले आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर एक दिवस बघते तर रबरी मोजे खिळ्यावर टांगलेले, कोरडे ठणठणीत. दाजी सिंकपाशी उभे. उघड्या हातानं साचे धुताहेत. मी आत जाऊन ट्यूब बघितली. मागच्या वेळी मी जिथपर्यंत दुमडली होती तिथेच दुमडलेली.

"मलम का लावत नाही?"

"बरं झालंय आता."

"बरं दिसलं म्हणून सोडायचं नाही, असं बजावलंय त्यांनी. आणि पाण्यात हात कशाला घातलात? पुन्हा झालं म्हणजे?"

त्यांनी साचा पालथा घातला, दुसरा घेतला. आणि मला कळलं. पुन्हा व्हावं म्हणूनच ते हात भिजवत होते.

"त्या भाऊबंद म्हणाल्या होत्या," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "बरणीतूनच हातात आली असेल तर, लवंगी? तिथली गेली. इथे जराशी उरली असेल. अगदी आत, कातडीखाली. मग मलम लावून तीही कशाला घालवायची?"

मला माहीत होतं की तसं नसतं. लांबची म्हणजे लांबचीच. मी टॉवेल घेतला, त्यांचे दोन्ही हात पाण्यातून काढले आणि बोटाबोटांच्या मधून पुसले. त्यांनी पुसू दिलं. औषधासाठी रोज धरलेला तोच हात मी असा कधी हातात घेतला नव्हता, थट्टेतसुद्धा नाही.

"डॉक्टरांना दाखवू," मी म्हटलं. "त्या बघतील."

डॉक्टरबाईंनी ओळखलं. "या, पाववाले." त्यांनी पुन्हा कातडी खरवडली, काच घेऊन आत गेल्या. दाजी त्या दाराकडे टक लावून बसले होते. दवाखान्यात लोक बसतात ते काही निघू नये म्हणून. हा माणूस काहीतरी निघावं म्हणून बसला होता, आणि देवाशपथ, त्याच्या शेजारी बसून मीही तेच म्हणत होते.

बाई बाहेर आल्या त्या हसतच. "वा! एकदम स्वच्छ. काहीसुद्धा उरलेलं नाही."

"नीट बघितलंत?" दाजींनी विचारलं.

"अगदी नीट."

"एखादा कण? कुठे कोपऱ्यात?"

"एक कणसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, बिचारा धास्तावलाय. म्हणून त्यांनी दाजींच्या हातावर थोपटलं. "इतक्या नेमानं औषध लावणारे पेशंट मला मिळत नाहीत हो. तुम्ही ती मुळासकट काढलीत. आता मलम बंद केलं तरी चालेल."

दाजींनी त्यांना नमस्कार केला. सगळं मला त्यांना सांगावंसं वाटलं, ताईपासून. पण बाहेर बाकावर एक बाई रडतं पोर घेऊन बसली होती, आणि आमचं ऐकून डॉक्टरांनी करायचं तरी काय होतं? मी ट्यूब पिशवीत टाकली आणि निघाले.

रस्ताभर दाजी उजवा हात पोटाशी धरून चालत होते, जणू तो अजून दुखत होता. बेकरीपाशी शिंपी दारातच उभा होता. माणूस वाईट नाही तो, फक्त त्याला गप्प राहता येत नाही.

"काय म्हणाले डॉक्टर? हात कसा आहे?"

"बरा झाला," दाजी म्हणाले.

"अरे वा! मग पेढा नाही, निदान एक गरम पाव तरी द्या आज."

दाजी आत गेले, काउंटरवरचा पाव उचलला आणि हात पुढे केला. मोजा नाही, काही नाही, बरा झालेला उघडा हात. तो त्यांनी बघितला, आणि पाव हातात तसाच धरून ते रडायला लागले. ताई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. शिंपी गडबडला, माझ्याकडे बघायला लागला. मी दाजींच्या हातातला पाव घेऊन त्याला दिला, त्याला बाहेर घालवलं आणि दुकानाचं दार लावून घेतलं.